आजोळचा पलंग, कपाट नि खुर्च्या पर्वरीच्या फ्लॅटमध्ये: घाई कशात करायची नि कशात नाही

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात असं, की शिरोड्याचं आजोळचं घर बंद होतंय, वाटणीत तुमच्याकडे खांबांचा पलंग, आरशाचं मोठं कपाट, वेताच्या सहा खुर्च्या, एक पेटारा आणि देव्हारा आलाय, मे महिन्यात पर्वरीला तिसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचकेत राहायला जायचंय, आणि फ्लॅटचं काम करणारा कंत्राटदार म्हणतो पलंगाचे खांब कापा, सगळ्याला मेलामाइन (चकचकीत कृत्रिम) पॉलिश मारा, खुर्च्यांना फोम-रेक्झिन लावा म्हणजे सगळं मॅच होईल. मिस्टर म्हणतात विकून टाकू. मोठी मावशी सारखी फोन करून पलंगाचं काय ठरलं विचारते. पेटारा लिस्बनच्या भावाला हवाय. आणि तुम्ही विचारताय की हे सगळं बसवायचं कसं.

मी फोंड्याला जुन्या लाकूडसामानाच्या दुरुस्तीचं काम करतो, वडीलही हेच करायचे, त्यामुळे अशा घरांत माझं रोजचं जाणं-येणं आहे. बसवायचा प्रश्न सहसा सुटतो, टेप हातात घेतली की अर्ध्या दिवसात कळतं काय मावतं नि काय नाही. अडतं ते दुसरीकडेच. वस्तू तुमच्या घरी येते पण मनाने ती अजून आजीची असते, थोडी मावशीची असते, मग एक तर माणूस तिला हात लावायला घाबरतो आणि ती चादर पांघरून कोपऱ्यात पडून राहते, नाहीतर वैतागून एका दमात कापून-रंगवून टाकतो. दोन्हीत नुकसान लाकडाचंच. बंद ठेवलेलं कपाट आपल्या हवेत बुरशीने भरायला एक पावसाळा पुरतो, आणि कापलेला खांब परत जोडला तरी तो जोडलेलाच राहतो.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो. जे परत पूर्वीसारखं करता येतं ते बिनधास्त करा, कोणाला विचारू नका. जे परत करता येत नाही ते त्या घरात एक अख्खा पावसाळा काढल्याशिवाय करू नका. उशी बांधणं, गादीखाली प्लाय टाकणं, मेण लावणं, जागा बदलणं हे सगळं उद्या काढून टाकता येतं. कापणं, घासून जुनं पॉलिश उतरवणं, नवीन भोकं पाडणं, विकणं, हे नाही येत. तुमच्या कंत्राटदाराने सुचवलेलं बहुतेक सगळं दुसऱ्या प्रकारातलं आहे, म्हणून त्याला तूर्त फक्त किचन नि बाथरूम करू द्या.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. पहिली म्हणजे वाटणी कागदावर झालीये की तोंडी. आपल्या गोव्यात वारसाहक्काचे नियम पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेत, 2012 च्या गोव्याच्या उत्तराधिकार कायद्यातही इन्व्हेंटरीची, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करायची, प्रक्रिया आहे, त्या यादीत घर-जमिनीबरोबर जंगम वस्तूही येतात आणि मुलींचा हक्क मुलांइतकाच असतो. इन्व्हेंटरी कोर्टात चालू असेल तर यातलं काहीही विकू नका, कापू नका, आधी वकिलांना विचारा. तोंडी ठरलं असेल तर प्रत्येक वस्तूचा फोटो काढून कोणाकडे काय गेलं ते लिहून घ्या आणि सगळ्यांकडून होकार घ्या, घरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतला तरी काहीच नसण्यापेक्षा बरा. लोकांना हे फार कोरडं वाटतं पण मावशीचे फोन निम्मे यामुळेच कमी होतील. दुसरी गोष्ट, बिल्डिंग किती जुनी आहे. अगदी नवीन असेल तर गिलाव्यातला ओलावा अजून पुरता गेलेला नसतो आणि पहिल्या पावसात भिंती घामेजतात. तिसरी, बेडरूममध्ये एसी किती चालणार. आणि चौथी, घरात लहान मुलं किंवा मांजर आहे का, कारण वेताच्या खुर्चीचं आयुष्य त्यावर ठरतं.

घाई करायची ती एकाच बाबतीत, किडीच्या. सामान शिरोड्याहून हलवायच्या आधी प्रत्येक वस्तूच्या खाली काळा कागद किंवा गडद रंगाचं कापड पसरून आठ-दहा दिवस ठेवा. काही पडलं नाही तर जुनी भोकं असली तरी घाबरायचं कारण नाही, कीड कधीच निघून गेलेली असू शकते, जुन्या भोकाच्या कडा काळपट होतात, ताज्या भोकाच्या आत लाकूड फिकट दिसतं. मैद्यासारखं बारीक पीठ पडलं तर बोरर, म्हणजे लाकूड पोखरणारी भुंग्याची कीड, रवाळ दाणे पडले तर सुक्या लाकडातली वाळवी, आणि मातीच्या नळ्या दिसल्या तर जमिनीतून येणारी वाळवी, ती घराची आहे, सामान झाडून-पुसून उचललं की सहसा तिथेच राहते. सागाच्या नि शिसवाच्या गाभ्याला बोरर सहसा लागत नाही, तो लागतो कडेच्या फिकट पट्ट्याला आणि मागच्या फळ्यांना, ड्रॉवरच्या तळांना, कारण तिथे जुने मेस्त, म्हणजे सुतार, आंब्यासारखं हलकं लाकूड वापरायचे. म्हणून कपाट पुढून बघून काही कळत नाही, भिंतीपासून ओढा आणि पाठ बघा. ताजं पीठ असेल तर पेस्ट कंट्रोलवाल्याकडून भोकाभोकात इंजेक्शनने औषध घालून घ्या, तेही शिरोड्यालाच, उघड्या वसरीत (ओसरीवर), आणि परत काळा कागद घालून वाट बघा. तुमच्या नव्या फ्लॅटमधल्या प्लायच्या वॉर्डरोबशेजारी चालू कीड नेऊन ठेवायची नाही. पॉलिश या सगळ्याच्या नंतर, कारण पॉलिशने भोकं बुजली की औषध आत जात नाही.

हलवताना एक गोष्ट जपा. खांबांचा पलंग नि मोठं कपाट हे अख्खं कधीच हलवायचं नसतं, ते सुटं होतं. कपाटाचा वरचा नक्षीचा माथा बहुतेक वेळा नुसता ठेवलेला असतो, सरळ वर उचलला की निघतो, खालची बैठकही वेगळी असते. पलंगाच्या लांब पट्ट्या खांबाच्या खाचेत बसलेल्या असतात, कुठे लाकडी खुंटी, कुठे लोखंडी बोल्ट. टॉर्च आडवा धरून सांध्याजवळ बघा, पट्टीवर आणि खांबावर पटाशीने मारलेल्या बारीक रेघा दिसतील, एका सांध्यावर एक रेघ, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. ज्या मेस्ताने पलंग केला त्याने कुठली पट्टी कुठल्या खांबात जाते त्याची ती खूण करून ठेवलेली असते, कारण हाताने केलेला प्रत्येक सांधा वेगळा असतो नि तो दुसरीकडे नीट बसत नाही. रेघा दिसल्या नाहीत तर कागदी टेपवर नंबर लिहून दोन्ही बाजूंना चिकटवा आणि फोटो काढा. टेम्पोवाल्यांना घाई असते, ते हातोडीने ठोकून सुटं करतात नि तिथेच कूस, म्हणजे खाचेत बसणारं टोक, मोडते, म्हणून त्या दिवशी एखादा जुना मेस्त सोबत ठेवा, त्याची रोजी वाया जात नाही. आणि लिफ्टचं दार, जिन्याचं वळण, बेडरूमची चौकट ही तीन मापं आधी घ्या, चौकट तीन फुटांची धरली तरी आतलं मोकळं माप कमीच भरतं.

आता पॉलिशचं, कारण सगळ्यात जास्त वाटोळं इथे होतं.

लाकूड हवेतला ओलावा घेतं नि सोडतं, शंभर वर्षांचं झालं तरी. आपल्याकडे वर्षाला साधारण 3000 मिलीमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, त्या दिवसांत हवेतली आर्द्रता 90 टक्क्यांच्या घरात राहिली की लाकडातला ओलावा 18 ते 20 टक्क्यांपर्यंत चढतो, आणि तेच लाकूड एसीच्या खोलीत ठेवलं की 10-11 टक्क्यांवर उतरतं. या फरकाने फळी लांबीत जवळजवळ हलत नाही पण रुंदीत हलते, दोन फूट रुंद सागवानी फळी पाव इंचाहून जास्त फुगू किंवा आकसू शकते. जुन्या मेस्तांना हे माहीत होतं म्हणून कपाटाच्या दाराची फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवलेली असते, गोंद न लावता. मे महिन्यात ती फट दिसते म्हणून आपले लोक त्यात फेविकॉल नि लाकडाचा भुसा भरतात, पावसात फळी फुगायला जागा उरत नाही, मग दाराची चौकट उघडते, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात फळी मधोमध तडकते. तेव्हा दाराची फट ही दुरुस्तीची जागा नाही, ती तशीच ठेवा. सुटलेला सांधा मात्र चिकटवायला हवा, आणि तो शक्य असेल तर सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या जुन्या गोंदाने, चिकटवून घ्या. सरस पाण्याने नि उष्णतेने सुटतो, म्हणजे पन्नास वर्षांनी दुसऱ्या कोणाला तो सांधा न मोडता उघडता येईल.

वरचं पॉलिश कुठलं आहे ते बघायला पायाच्या आतल्या बाजूला, जिथे कोणाला दिसत नाही तिथे, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस हलकेच फिरवा. कापसाला तपकिरी रंग लागला आणि जागा चिकट झाली तर ते लाखेचं पॉलिश, चपड्याचं. काहीच झालं नाही तर कोणीतरी मधल्या काळात मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) मारलंय. लाखेचं असेल तर ते उतरवू नका, ही माझी अगदी कळकळीची विनंती. लाखेवर परत लाख बसते, डाग पडला तर तेवढाच भाग हात फिरवून नीट करता येतो. मेलामाइन पहिल्या वर्षी चकाचक दिसतं पण एकदा आत पाणी शिरलं की पांढरं पडून पापुद्रे निघतात, आणि मग तेवढाच भाग दुरुस्त होत नाही, सगळं घासावं लागतं, आणि दर घासणीला नक्षीची धार मरते. शिसवी पलंगाच्या माथ्यावरची वेलबुट्टी बोटाने चाचपून बघा, पानाची शीर बोटाला लागते. दोन वेळा मशीनने घासलेल्या पलंगावर ती लागत नाही.

सध्या एवढंच करा. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, कापड अगदी घट्ट पिळून, एक एक भाग पुसा नि लगेच कोरड्या कापडाने टिपा. सुकलं की मधमाशीच्या मेणाचं पॉलिश पातळ लावून घासा. खोबरेल लावू नका, आपल्याकडे घरोघरी लावतात पण ते कधी सुकत नाही, चिकट राहतं, धूळ धरतं आणि पावसात त्याच थरावर बुरशी येते. सॅनिटायझर नि काच पुसायचे स्प्रे लाखेपासून लांब ठेवा, त्यातलं अल्कोहोल नि अमोनिया लाख विरघळवतं.

आता एकेक वस्तू. पलंगाचे खांब साधारण सात फुटांच्या आसपास असतात, तुमच्या फ्लॅटची उंची साडेनऊ फूट असेल तर ते आरामात मावतात, फक्त पंखा किती खाली येतो ते बघा, आणि मच्छरदाणीची वरची चौकट लावल्यावर हात वर करताना पंखा लागत नाही ना ते. तो जड वाटतो कारण तो मोठ्या खोलीत उभा राहायला केलाय, तेव्हा त्या खोलीत दुसरं काही ठेवू नका, साइड टेबलंही नकोत, पडदे फिकट लावा, महिन्याभरात डोळा सरावतो. गादीचं माप बाजारातल्या मापाशी जुळणार नाही, पलंगाला गादीएवढं करायला जाऊ नका, गादी करून घ्या, आतली मापं दिली की म्हापसा, मडगाव, फोंडा कुठेही कापूस किंवा फोमची करून देतात. जुन्या पट्ट्या वाकल्या असतील तर त्यांच्यावर भोकं पाडलेला प्लाय नुसता ठेवा, खिळे न मारता, गादीला खालून वारा लागला पाहिजे. एसीचा झोत माथ्याच्या फळीवर सरळ येऊ देऊ नका. आणि झोपा त्याच्यावर. पाहुण्यांच्या खोलीत ठेवू नका, तुमच्या बेडरूममध्ये ठेवा, आपलं माणूस रोज ज्याच्यावर बसतं-उठतं त्याचा कुरकुरणारा सांधा लगेच कळतो, बंद खोलीतला दोन वर्षांनी कळतो.

कपाट नैऋत्येच्या बाहेरच्या भिंतीला लावू नका, पाऊस तिथेच झोडपतो. आतल्या भिंतीला, तीन-चार बोटं अंतर सोडून. आरशाच्या मागचा मुलामा ओलाव्याने डागाळतो, ते डाग असू देत, जुनी काच बदलू नका. पावसात आत दिवा लावून ठेवायची पद्धत होती ती जुन्या तापणाऱ्या बल्बची, एलईडीने ऊब येत नाही त्यामुळे उपयोग शून्य, आणि तापणारा बल्ब कपड्यांजवळ ठेवणं धोक्याचं. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा कोरड्या दुपारी दारं सताड उघडी ठेवून पंखा लावा, कपडे अर्धेच भरा.

खुर्च्यांना फोम-रेक्झिन नको. रेक्झिनखाली वेत दमट राहतो नि सडतो, आणि चौकटीत जे खिळे मारतात ते वेताच्या भोकांनाच फोडतात, ती भोकं फुटली की परत विणता येत नाही. आधी खुर्ची उलटी करून बघा. वेत चौकटीच्या एकेका भोकातून ओवलेला असेल तर ते हाताचं विणकाम, खाचेत पट्टी ठोकून बसवलेला असेल तर तयार जाळी. नुसता सैल पडलाय, तुटलेला नाही, तर खालच्या बाजूने ओल्या स्पंजने भिजवा नि सावलीत सुकू द्या, सुकताना वेत आकसतो आणि बैठक ताणली जाते, पहिल्यांदा बघणाऱ्याला खरंच वाटत नाही. तुटलेला असेल तर विणून घ्या, विणणारे आता कमी राहिलेत आणि वेळ लागतो, सहाच्या सहा एकदम द्यायची गरज नाही, दोन-दोन करा. मऊ हवं असेल तर पातळ उशी नाडीने बांधा. सहाही खुर्च्या जेवणाच्या टेबलाभोवतीच हव्यात असं कोणी सांगितलंय, चार तिथे, एक बेडरूममध्ये, एक दाराशी चपला घालायला.

सगळ्यांच्या पायांचं एक सांगायचं राहिलं. फ्लॅटमध्ये रोज ओलं पोतं फिरतं नि टाइल पाणी पीत नाही, ते पाणी पायाच्या खालच्या कापातून लाकूड वर ओढून घेतं. पाय उलटे करून तळाला लाखेचे दोन-तीन हात आणि मेण द्या, खाली जाड रबराचे तुकडे ठेवा. कामवाल्या बाईंना सांगा पायाभोवती कोरडं पुसायला.

पेटारा टीव्हीखाली छान बसतो, फक्त तळ जमिनीपासून उचललेला हवा. भावाला लिस्बनला न्यायचा असेल तर आधीच सांगा, की शिसवाच्या कुळातली सगळी लाकडं 2017 पासून साइट्स करारात, म्हणजे दुर्मीळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहेत, परवान्याचा विषय येतो, आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येते, ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यापेक्षा कमी वयाची असेल तरी ती पुरावस्तू नाही असं पुरातत्त्व खात्याचं सर्टिफिकेट घ्यावं लागतं. म्हणजे तो पेटारा बहुधा पर्वरीलाच राहणार.

देव्हाऱ्याबद्दल मी मत देणार नाही, देव कोणाकडे बसायचे ते मावशीला नि तुमच्या भटजींना विचारा. लाकडाचं तेवढं सांगतो, निरांजनाच्या वर छताला पितळेचा पातळ पत्रा लावा, सुटा, आणि नव्याने पॉलिश केला असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत आत दिवा नको.

मिस्टरांचं विकायचं म्हणणं चुकीचं नाही. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, जी वस्तू चार महिन्यांत तुम्ही एकदाही वापरली नाही ती द्या, पण आधी घरातल्यांना विचारा, मग बाहेर. जुनं घर मोडतंय म्हटल्यावर दारात येणाऱ्या पहिल्या डीलरला देऊ नका, निदान दोघांना दाखवा, आणि शिसवी की सागवानी ते स्वतः जाणून घेऊन मगच भाव ऐका. मावशीला मात्र आत्ताच बोलवा, पलंग लावायच्या दिवशी. कुठली बाजू भिंतीला असायची, माथ्याचा एखादा तुकडा निघाला असेल तर तो कसा, हे तिलाच माहीत असणार, आणि तिच्या देखत लागलेल्या पलंगाबद्दल ती नंतर फोन करून विचारणार नाही.

पलंगाची आतली मापं नि कपाटाच्या पाठीचा एक फोटो पाठवा, त्यावरून बोररचं काय ते सांगतो.